वन्सं, यजमान आणि न सुटणारं फ्लायव्हील

सन्माननीय अध्यक्ष महोदय, तंत्रशाळेचे प्राचार्य, व्यासपीठावरील पाहुणे, कार्यशाळेतील शिक्षक आणि कर्मचारी, आजी-माजी विद्यार्थी, आणि ज्यांना निवृत्तीचा निरोप द्यायला आपण सगळे आपापली कामं बाजूला ठेवून इथे आलो आहोत त्या माझ्या वन्सं,

वन्सं हा शब्द आता मागे पडला. नवऱ्याच्या बहिणीला आम्ही वन्सं म्हणायचो. तुम्ही यांना बाई म्हणता, आणि पाठीमागे मायक्रोमीटर बाई म्हणता. घाबरू नका, त्यांना ते माहीत आहे. त्यांना ते आवडतंही, पण हे मी सांगितलं असं म्हणू नका.

माझ्याआधी पाच-सहा जण त्यांच्या नोकरीबद्दल बोलले. त्यात मी काय भर घालणार? मी आयुष्यभर शाळेत भाषा शिकवली. यंत्रांशी माझा संबंध शिवणयंत्रापुरता, आणि तेही बिघडलं की वन्संना निरोप जायचा. म्हणून मी घरातलीच एक गोष्ट सांगणार आहे. प्राचार्यांनी मला थोडक्यात बोला असं सांगितलंय. सर, मी प्रयत्न करते.

माझ्या सासऱ्यांकडे एक जुनी गाडी होती. गोल दिव्यांची, लांब नाकाची. गाडीचं सगळं काम ते घरच्या शेडमध्ये स्वतः करायचे. त्यांना मुलगा आणि मुलगी. मुलगा म्हणजे आमचे यजमान. यांचा पुढे औषधांच्या दुकानात जम बसला, पण पान्याशी कधी जमलं नाही. उजेडासाठी बॅटरी धरायची, फडकं द्यायचं, एवढंच यांच्याकडे. इंजिन शिकली ती मुलगी. त्यातूनच त्या इथे आल्या, शिक्षिका झाल्या, पुढे कार्यशाळेच्या प्रमुख झाल्या. सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "माझी पोर इंजिन शिकवते." हे सांगताना मुलगा समोर असला तरी त्यांच्या लक्षात यायचं नाही. माणूस वाईट नव्हता. लक्षात यायचं नाही, एवढंच.

शेवटच्या काळात त्या इंजिनाच्या मागच्या बाजूने तेल गळायला लागलं. ते थांबवायचं तर फ्लायव्हील काढावं लागतं. जाणकारांनी क्षमा करावी, बाकीच्यांसाठी सांगते. फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या दांड्यावर बसवलेलं जड लोखंडी चाक. या गाडीत तो दांडा टोकाला निमुळता, आणि चाक त्यावर बुचासारखं घट्ट. दोन्ही एकमेकांवर घसरू नयेत म्हणून खाचेत लोखंडाची एक छोटी पट्टी बसवतात, तिला चावी म्हणतात. आणि वरून एक मोठा नट.

तर ते चाक काही केल्या निघेना. एका रविवारी वन्सं माहेरी आल्या, शेडमध्ये गेल्या, तर समोर काय दृश्य? वडील स्टुलावर बसलेले, भावाच्या हातात मोठा हातोडा, आणि चाकाच्या कडेचा एक दाता तुटून जमिनीवर पडलेला. वन्संचा आवाज तुम्हाला माहीत आहे. मला स्वयंपाकघरात ऐकू आलं.

"ज्याला काम येत नाही त्याने हत्याराला हात लावू नये. बाबांनी जन्मभर जपलेलं इंजिन तू एका दिवसात घालवलंस, दादा."

यांनी हातोडा खाली ठेवला आणि बाहेर आले. पुन्हा शेडमध्ये पाऊल टाकलं नाही. पुढे वर्षभरात सासरे गेले. गाडी तशीच राहिली, आणि बहीणभावाचं बोलणं थांबलं. भांडण म्हणाल तर नाही. दोघं एकमेकांकडे यायचे, जेवायचे, पण बोलायचे माझ्यामार्फत. "तिला सांग, भाजी घे." "त्याला सांग, घेतली आहे." टेबलावर दोघांच्या मध्ये बसून मी हे निरोप पोचवले आहेत. इतकी वर्षं टपाल वाटलं असतं तर आज मलाही निवृत्तिवेतन मिळालं असतं.

मग आमच्या लेकीने दवाखाना काढायचं ठरवलं. जागा हवी होती, शेड होती. हे म्हणाले, भंगारवाल्याला बोलावू. मी वन्संना फोन केला. त्या म्हणाल्या, "वहिनी, गाडी मी नेते. उद्या टोचन लावून ओढून नेऊ." मी हे यांना सांगितलं. हे बराच वेळ वर्तमानपत्राची घडी घालत राहिले आणि म्हणाले, "तिला सांग, न्यायची तर चालवत ने. बाबांची गाडी गल्लीतून दोरीने ओढत गेलेली मी बघणार नाही."

मला वाटलं, झालं, आता ही नेणार नाही आणि हे सोडणार नाहीत. पण वन्सं दुसऱ्याच दिवशी हत्यारांची पेटी घेऊन हजर.

शाळा सुटली की त्या यायच्या. इंजिन बाहेर काढून लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं. चाकाला पुलर, म्हणजे बोल्ट आवळून चाक ओढून काढायचं हत्यार, लावला. गंज सोडवणारं तेल घातलं, गॅसच्या ज्योतीने चाक तापवलं, पुलरचा बोल्ट आवळला. थांबल्या, पुन्हा आवळला. हातोड्याचा घाव एकदाही घातला नाही. चाक तसूभर हललं नाही. मी रोज विचारायची, "काय म्हणतंय?" त्या म्हणायच्या, "काहीच म्हणत नाही. दादावर गेलंय."

आणि एक दिवस पाहते तो काय, यजमान खुर्ची घेऊन शेडच्या दारात बसलेले. आत नाही, दारात. मला म्हणाले, "तिला विचार, सगळं सोडवायचंय तर तो नट का ठेवलाय शेवटच्या आट्यांवर."

वन्सं दोन हातांवर होत्या. तरी मी विचारलं.

"त्याला सांग, चाक सुटलं की उडतं. नट नसेल तर पायावर पडेल आणि पाय राहणार नाही."

यांनी खुर्ची जरा मागे घेतली. पण उठून गेले नाहीत, आणि पुढे रोज येऊन बसायला लागले.

एका दुपारी वन्संनी बोल्ट होता होईल तेवढा आवळला आणि म्हणाल्या, "आता माझ्यात जोर नाही. राहू दे ताणलेलं." मी चहा आणला. तिघंही दारापाशी बसलो होतो, आणि आतून तोफ उडावी तसा आवाज झाला. माझ्या हातातला कप पडला. चाक सुटलं होतं. कुणी हात लावलेला नसताना, आपणहून. नटाला अडकून तिथेच थांबलं होतं.

वन्सं धावल्या. नट काढला, चाक आम्ही दोघींनी धरून खाली उतरवलं. मग त्यांनी दांड्याच्या खाचेतून ती चावी उपटून काढली. पुसली. उजेडात धरली. बोटाने चाचपली. मला वाटलं, मोडली असेल. पण मोडलेली नव्हती, चुकीची होती. कानशीने घासून घरी केलेली, एका बाजूला जाड, आणि ठोकून ठोकून बसवलेली. त्यामुळेच चाक असं जॅम झालं होतं. पट्टीचे कोपरे घासून बोथट करायची रीत वन्संनी ओळखली. त्या स्वतः तीच रीत इथे तुम्हाला शिकवत आल्या आहेत.

त्या दाराकडे वळल्या आणि मला मध्ये न घेता बोलल्या.

"दादा, ही बाबांनी केली आहे. तुला माहीत होतं?"

"बॅटरी मीच धरली होती," हे म्हणाले.

मग यांनी सांगितलं. सासऱ्यांची नजर अधू झाली होती. त्या रविवारच्या आधीही त्यांनी एकदा चाक काढलं होतं. तेव्हा जुनी चावी झिजलेली दिसली, म्हणून नवी घासली. माप चुकलं. बसेना म्हणून ठोकली. मुलाला म्हणाले, "तिला सांगू नकोस. ती आता दुसऱ्यांना शिकवते. तिला वाटू दे, मला अजून येतं." तेल गळायचं थांबलं नाही, चाक पुन्हा काढायला गेले तर निघेना. मग हातोडा मुलाच्या हातात दिला. म्हणाले, "तू मार, माझा नेम बसत नाही."

"आणि मी तुला बोलले तेव्हा बाबा तिथेच होते," वन्सं म्हणाल्या.

"होते ना. मी त्यांच्याकडे बघितलं. ते खाली बघत होते. मग मी काय बोलणार?"

"ते गेल्यावर तरी सांगायचंस."

"गेल्यावर तर मुळीच नाही."

वन्सं बाहेर नळापाशी गेल्या. हात धूत राहिल्या, स्वच्छ झाल्यावरही. मी जवळ गेले नाही. परत आल्या, भावासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दादा, माझं चुकलं. मी विचारायला हवं होतं."

हे म्हणाले, "तुझा चहा निवला. थांब, दुसरा सांगतो."

सांगतो म्हणजे अर्थातच मला. पण त्या दिवशी मी तक्रार केली नाही.

पुढे दांडा साफ करून घेतला, दाता बसवला, नवी चावी वन्संनी इथल्याच यंत्रावर रीतसर परवानगी काढून केली. गाडी सुरू झाली. धूर पुष्कळ सोडत होती, पण चालत होती. वन्सं चालवत बाहेर पडल्या. आणि आमचे यजमान गाडीच्या पुढे हात आडवा धरून वळणापर्यंत चालत गेले, वाहनं थांबवायला. गल्लीत तेव्हा चिटपाखरूही नव्हतं.

मघाशी एका माजी विद्यार्थ्याने सांगितलं की बाई आधी फार कडक होत्या, मग वयाने मवाळ झाल्या. अलीकडच्या मुलांना त्यांचं एकच वाक्य पाठ आहे. काही मोडलं की बाई आधी म्हणतात, "काय झालं ते तुझ्या तोंडून सांग." बाळांनो, हे वयाने आलेलं नाही. त्या दुपारपासून आलेलं आहे.

ही गोष्ट सांगू का, असं मी दोघांनाही विचारलं होतं. वन्सं म्हणाल्या, "सांग, पण माझं चुकलं हे गाळू नकोस." यजमान म्हणाले, "बाबांचं नाव सांभाळून घे." ते मला कितपत जमलं, ठाऊक नाही. डोळ्यांनी साथ सोडली तरी लेकीच्या नजरेतून उतरू नये असं एका बापाला वाटलं. याला दोष म्हणायचं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्हीही घाईने ठरवू नका.

अध्यक्ष महोदय, एका घरच्या बाईला तुम्ही या व्यासपीठावर बोलू दिलंत, याबद्दल मी तुमची आणि संस्थेची आभारी आहे. वन्सं, उद्यापासून सकाळी उठायची घाई नाही. सवय व्हायला वेळ लागेल, लागू द्या. भावजय नणंदेबद्दल बोलते तेव्हा तोल थोडा इकडेतिकडे जातोच. कुठे जास्त बोलले असेन, यंत्राचं काही उलटसुलट सांगितलं असेन, तर ती चूक पदरात घ्या. नमस्कार.