घसरगुंडीखालचा इसम

…आणि वर लोक मलाच विचारतात, "काका, पोरगी एवढ्या जोरात घसरली कशाला?" अहो, घसरगुंडी हाय ती! घसरायचं न्हाय तर काय वर बसून भजन करायचं? तुम्हाला सांगतो, आमच्या टेमघरच्या बागेत जी घसरगुंडी हाय ना, तिला खालचं टोकच न्हाय. कुणीतरी पत्रा कापून भंगारात घातला. म्हणजे पोर वरून सुटतं, मजेत येतं, येतं, येतं… आणि कमरेएवढ्या उंचीवर घसरगुंडी संपते! पुढं हवा. आणि हवेखाली काय? लादी! माती न्हाय, वाळू न्हाय, चांगली सिमेंटची लादी. ज्याच्या डोक्यातनं निघाली ती, त्या माणसाला मला एकदा बघायचंय.

आमची पूर्वी, माझी नात, पाच वर्षांची, ती त्या लादीवर हनुवटीवर आपटली. चार टाके. डॉक्टर टाके घालत होता तर पोरगी माझा अंगठा धरून गप्प बसली, आणि मीच रडलो, खोटं कशाला बोलू? घरी आलो तर बायकोनं, कमळनं, आधी मला झाडलं, "तुमचं लक्ष कुठं व्हतं?" मग शेजारची ठमाबाई आली, हनुवटी इकडून बघितली, तिकडून बघितली, आणि म्हणते काय? "पोरं हायेत, पडायचीच!"

बरं, गेलो बागेच्या ऑफिसात. तिथं चांगदेव म्हणून क्लार्क. माणूस लाख हो! खुर्ची देतो, चहा पाजतो, घरच्यांची विचारपूस करतो, काम तेवढं करत न्हाय. "काका, अर्ज द्या." दिला. "फोटो लावा." लावला घसरगुंडीचा. "हा न्हाय हो, तुमचा, पासपोर्ट साइझ!" अरे, पडली नात, तुटली घसरगुंडी, थोबाड माझं कशाला? "फॉर्मवर चौकोन हाय ना, काका." काढला फोटो, धामणकर नाक्यावर जाऊन, तासभर ट्रॅफिकमध्ये उभा राहून! तो चिकटवता चिकटवता चांगदेव कसा म्हणतो, "मनाला लावून घेऊ नका. पोरं हायेत, पडायचीच!"

म्हटलं, यांच्या भरवशावर राहिलो तर पूर्वीचं लग्न होईल. आपणच काहीतरी करू. पुतण्याच्या कापडाच्या लूमवरून दोन गोण्या चिंधी आणली, मऊ मऊ, आणि दिली पसरून लादीवर. काय सांगू! पोरं धपाधप पडतात, उठतात, हसतात. मी घरी येऊन पोटभर जेवलो. दुसऱ्या दिवशी बघतो तर लादी चकाचक. चिंधी कुठाय? ठमाबाईनं उशा भरल्या! विचारलं तर वर तोंड करून, "काका, त्यावर पोरंच झोपतात ना!" 

मग राहिलं कोण? मी. तुम्हाला सांगतो, माझी अख्खी हयात टेम्पोतनं कापडाचे तागे उतरवण्यात गेलीय, दापोड्याच्या गोडाऊनात, झेलायची सवय हाय हाताला. म्हटलं, दुरुस्ती होईपर्यंत, चार दिवस, आपण उभं राहू आणि पूर्वीला झेलू. उभा राहिलो. पूर्वी आली, झेलली. तिच्या मागं तिची मैत्रीण. आता तिला काय लादीवर सोडू? झेलली. तिच्या मागं तिचा भाऊ, त्याच्या मागं एक ढब्बू पोरगा, हातात वडापाव, तोही झेलला, वडापावासकट! आणि दुपारची लाइट गेली की टीव्ही बंद, मग अख्खं टेमघर बागेत. लूमवरचा एक भय्या तर लांबूनच ओरडला, "चाचा, मेरी शिफ्ट है, मेरे दोनों को भी पकड़ लेना!" आणि गेला निघून! चार दिवसांचे चार महिने झाले. कंबर गेली. मोतीबिंदू काढायचाय तो तसाच. कमळ म्हणते, "तुम्ही घरी बसा की!" बसलो हो, एक दिवस बसलो. त्या दिवशी त्या भय्याच्या बारक्याचा दात पडला.

शेवटी ऑफिसातून पत्र आलं. मी नाचलो! चष्मा लावून, कमळला समोर बसवून मोठ्यानं वाचलं, "सदर जागेची पाहणी केली असता, घसरगुंडीखाली एक इसम मुलांना झेलताना आढळून आला. सबब सुरक्षेची व्यवस्था पुरेशी असून तक्रार निकाली काढण्यात येत आहे."

एक इसम! अहो, तो इसम मी! धावत गेलो. "चांगदेव, अरे, तो इसम आणि हा अर्जवाला एकच हाय, फोटो बघ की!" त्यानं फाइल काढली, फोटो बघितला, मला बघितलं आणि केवढा खूश झाला! "मग तर उत्तमच की, काका! पगारी माणूस दांड्या मारतो. घरचा माणूस कधी मारणार न्हाय!"

मारलीच न्हाय ना दांडी. परवा तो ढब्बू आला सुसाट, मी झेलला, पाय सटकला, आणि ढब्बू वर, मी खाली, लादीवर. ढब्बूला खरचटलंसुद्धा न्हाय. माझं डावं मनगट मोडलं. हे बघा प्लास्टर. मनात म्हटलं, झालं ते बरं झालं, आता तरी यांना लाज वाटेल! तसाच गेलो, हात टेबलावर ठेवला, धाडकन! "बघ चांगदेव, तुझी व्यवस्था मोडली!" चांगदेवचा चेहरा पडला हो. चहा मागवला. बिस्किटं मागवली. प्लास्टरवरून हात फिरवला आणि म्हणाला, "काका, म्हातारी माणसं, पडायचीच!" आणि मग हळूच विचारतो, "उजवा… चालू हाय ना?"

चहा पिऊन उठलो. सरळ घरी जाणार होतो, देवाशप्पथ. पण वाटेत बाग लागते ना! बघतो तर वर पूर्वी बसलीय, हनुवटीवर टाक्यांची ती रेघ, आणि तिच्या मागं अकरा पोरं लायनीत. मला बघून ओरडली, "आबा, येऊ?"

म्हटलं, "ये बाई. पण जरा उजव्या बाजूनं ये."