भुईखालचं छप्पर

हॅलो?… कोन?… नूतन? बोल ना वं बाई.

हौ, अनुसयाच बोलून राह्यली, तुही वहिनी. तुहा भाऊ फोन घरी ठेवून गेला. चैतरामचं आता असंच झालं हाय, फोन नको, बोलनं नको…

थांब. जरा हळू बोल, काही समजून नाई राह्यलं… कोनता फोटो?… राजेंद्रानं पाठवला? सकाळी लग्नाची पत्रिका घेऊन आलता तो. माह्या हातचा चहा पेला, अन जाता जाता फोटो काढला?

हौ… हौ. खरा हाय फोटो. तुही माय गोठ्यात हाय. मी कुठं नाई म्हनून राह्यली?

बोल. बोलून घे सारं. मी ऐकून राह्यली.

…झालं? आता माहं ऐकशीन? अवं ऐक ना, नूतन… हौ, सासू हाय माही, तुही माय हाय, मले मालूम हाय. अठ्ठावीस वर्स झाले मले या घरात. मी तिले गोठ्यात कायले टाकीन?

म्हैस नाई तिथं. म्हशीले बाहेर काढलं, चिंचीखाली बांधलं. गोठा धुतला, सारवला, खाट टाकली, मच्छरदानी लावली. फोटोत मच्छरदानी नाई दिसली का तुले? फक्त दावं दिसलं?

घरात काहून नाई?… घरात ये एकदा दुपारी बाराले. पत्र्याखाली उभी राह्य. मंग विचार.

नाई, माहं डोकं नाई फिरलं. गेल्या मंगळवारी ती घरातच होती. पानी मांगाले उठली अन जागेवरच बसली. डोळे पांढरे. आमच्या पोराच्या, राहुलच्या गाडीवर मधात बसवून वारासिवनीले नेली… हौ, सलाईन लावली दोन… तुले काहून नाई सांगतलं? तुहा भाऊ म्हने, नूतनचं बाळंतपन जवळ आलं हाय, तिले घोर नको लावू. म्हनून नाई सांगतलं. डॉक्टर म्हने, आता डबल असं झालं तं इथवर आनाले बी टाइम नाई भेटनार. थंड जागी ठेवा. आता साऱ्या वाड्यात थंड जागा कोनती? गोठा. काहून का गोठ्याच्या छपरावर अजून जुने मातीचे कवेलू हायेत.

हौ… घराचे काढले ना. तेच तं सांगून राह्यली.

अवं, दिवाळीच्या आधी पंचायतीत सभा झालती. भोपाळचा मानूस आलता. पडद्यावर चित्रं दाखवली. म्हने घरातून कार्बन निघते. घर गरम, म्हनून कूलर, म्हनून वीज, म्हनून कोळसा. घर सुधारा, म्हने, धरती थंडी होईन. तुह्या भावानं विचारलं, साहेब, आमच्या घरी एक बल्ब अन एक पंखा, कार्बन निघते कुठून? सारे हसले. तो बी हसला. अन फॉर्म भरून घेतला.

मायसाठीच भरला ना बाई! दुसऱ्या कोनासाठी? वरतं सोलर, खाली फोमचं छत, दोन पंखे. लाइट गेली तरी पंखा चालते म्हने. मायले ऊन सोसत नाई, तं म्हटलं एवढं एक होऊन जाऊ दे.

पन कवेलूवर सोलर बसत नाई. मातीच्या भितीवर बसत नाई. म्हनून पह्यला टप्पा, कवेलू काढा, माती पाडा, इटाच्या भिती उभ्या करा, वरतं पत्रा टाका. मंग तपासनी. मंग दुसरा टप्पा, फोम अन सोलर… पह्यला झाला. दुसरा नाई आला. आता हाय तं नुसता पत्रा.

नाई येत. कारन?… कारन मी हाय.

मीच. ऐक. तपासनीवाला साहेब येनार म्हनून सरपंचाचा निरोप आला. आता घरात उघड्या इटा. लाल लाल. ते घर दिसे का भट्टी? पाहुना येते तं आपन काय करतो?… हौ, सारवतो. तुह्याच मायनं शिकवलं मले, नवी नवरी होती तवा. सारवल्याबिगर घरात पाहुना घ्याचा नाई. तं मी माती आनली, शेन कालवलं, दोन दिवस भिती लिपल्या. माय बसल्या बसल्या माती मळून दे. वरून छुहीच्या पांढऱ्या मातीचा हात मारला, खाली गेरूचा पट्टा. असं घर दिसे, नूतन… तुह्या लग्नात बी तसं नव्हतं दिसलं.

अन साहेबाले इटा पाह्याच्या होत्या.

आमाले कोनं सांगतलं? कोनीच नाई. तो बिचारा चपला बाहेर काढून आत आला. भला मानूस होता. म्हने, बहुत सुंदर लीपा है माताजी. अन फोटो काढला. त्याच्या मोबाइलनंच लिहून देल्लं, दीवार मिट्टी की, अपात्र.

मी नखानं खरडली ना भित त्याच्या समोर. म्हटलं, साहब, अंदर ईंट है, देखो ना. म्हने, मुझे तो दिख रहा है, माताजी. पर फोटो चढ़ गया. अब वापस नहीं होता… अजून हाय ते खरडलेलं. दाराजवळ. मी त्यावर हात नाई फिरवला.

गेला ना तुहा भाऊ. कटंगीले गेला, बालाघाटले गेला, चार खेपा झाल्या. खिडकीतला म्हने पोर्टल बंद हाय. पुढच्या साली उघडन, तवा नवीन फॉर्म भरा. नवीन फॉर्म भराले कच्चं घर पाहिजे. पत्रा टाकलेलं घर पक्कं धरते म्हने… हौ ना. तपासनीत कच्चं, फॉर्मात पक्कं. आमी कुठंच नाई बसून राह्यलो.

हेल्पलाइनवर बी टाकली शिकायत. काल मेसेज आला. राहुलनं वाचून दाखवला. आपकी समस्या का समाधान हो गया है.

…हास. मी बी हासली होती. मंग मोरीत जाऊन रडली.

पत्रा काढून कवेलू चढवा म्हनतं? कोनते कवेलू, बाई?… अवं, कामवाल्यानं सारे फोडून भुईत भराव टाकला. घर उंच झालं पाहिजे म्हने. तुह्या बाबानं, महागू बुढ्यानं, एक एक कवेलू जपला होता. दर साली मिरगाच्या आधी वरतं चढून फेरे, सारे पुन्हा नीट रचे, फुटका बदले. ते सारं छप्पर आता भुईखाली हाय. आमी त्यावर चालतो. कटंगीच्या बाजारात विचारलं, कुंभार म्हने आता कोनी बनवत नाई.

पानी मारतो ना पत्र्यावर. दुपारी दोन बादल्या. वाफ निघते अन पुन्हा तसंच. विहिरीत तरी किती हाय?

बरं, तं मंग असं कर. तू ने तिले. आजच ने. तीन वाजता कटंगीवरून तुमसरची गाडी हाय. मी बसवून देतो, तू स्टँडवर ये…

कुठं ठेवू म्हनतं तिले?

हौ… हौ, मालूम हाय मले. भाड्याची एक खोली, वरच्या मजल्यावर, तिथं बी पत्राच. अन तुहे दिवस भरत आले… नाई, मी टोमना नाई मारून राह्यली. खरंच नाई. तुले बोलाची जागा पाहिजे होती, बोलली. मले बी पाहिजे असते कधी कधी.

बोलशीन तिच्यासंगं? जागीच हाय. थांब, फोन नेतो… पन एक सांगतो आधी. तिले भरावाचं मालूम नाई. तवा ती तुह्या मावशीकडं गेलती. आमी सांगतलं, कवेलू घरामागं रचून ठेवले हायेत. ती रोज विचारते. तू काही बोलू नको… हौ, खोटं हाय. तं काय करू?

आत्याबाई… नूतन हाय फोनवर. नूतन… हौ, कानाले लावा. असा नाई, उलटा धरला. हं. बोला.

…

द्या इकडं. झालं?… हं, नूतन, मी हाय. गोठ्याच्या बाहेर आली. काय म्हने?… कवेलूचंच ना?… मिरगाच्या आधी फेराले मानूस पाठव म्हने. पत्रा काढून टाका, मले घरात जाऊ द्या म्हने…

अन तू?… काय सांगतलं तू?

…मानूस पाठवतो म्हटलं तू?

बरं केलं. नाई, बरं केलं. मी असती तं मी बी तेच… आता दोघीनं सांगतलं ना, आता ती पक्कं धरन.

हौ, दिसून राह्यली मले दारातून. बसली हाय खाटेवर. बोटावर दिवस मोजून राह्यली, मिरगाले किती उरले ते… नूतन, रडू नको. या दिवसांत रडू नये. अन तिचे कान अजून तिखट हायेत.

ठेव आता. उन्ह गोठ्याच्या दारात आलं. खाट आत सरकवा लागन… हौ. ठेवतो.