न मानणाऱ्याची सही

—नाही नाही, पेन आहे माझ्याकडे, पेनचा प्रश्न नाही आसावरीताई, तुम्ही आधी बसा. कोट राहू दे खुर्चीवर. हाउन्सलोहून बेसिंगस्टोकला यायचं म्हणजे रविवारी गाड्या बदलत बदलत यायचं, आणि ते कशासाठी, तर माझ्या एका सहीसाठी. पोस्टाने पाठव म्हणायचं ना नकुलला. भाऊ हट्टी आहे तुमचा. बोलता येत नाही, हो, जबडा तारेने बांधलाय, माहितीये मला — मीच नेला ना त्याला हॉस्पिटलात, मागच्या सीटवर आडवा घालून, गाडीला अजून वास येतोय. पण लिहिता येतं. उजव्या हाताची बोटं शाबूत आहेत. डाव्या हाताची दोन मोडली. डाव्याचीच, कारण माणूस डावा हात तोंडापुढे धरतो — म्हणजे धरला असेल, मी आपला अंदाज सांगतोय.

चहा घ्या. दुधाचा आहे, आलं घातलंय. हा फॉर्म तुम्ही माझ्यापुढे धरलाय ना, हा मीच केलेला आहे. ग्रुपमध्ये आम्ही अकरा जण, मराठी दोघंच, मी आणि नकुल, बाकी सगळे गोरे. बिगफूट शोधतो आम्ही. हसा, हसा, ऑफिसात सगळे हसतात. जिथे रानाच्या या टोकाला उभं राहिलं की त्या टोकाचा मोटरवे ऐकू येतो, तिथे आठ फुटी केसाळ प्राणी शोधायचा. मी आलो तेव्हा नुसता गोंधळ होता, ज्याला जे दिसेल ते खरं. मी एकतीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काढली आहेत, मला हे कसं चालणार? म्हटलं, नियम करा. जोडीने जायचं. एक मानणारा, एक न मानणारा. दोन मानणारे बरोबर गेले तर झाडाचं खोडसुद्धा हात हलवतं, आणि दोन न मानणारे गेले तर तासाभरात पबमध्ये जाऊन बसतात. फॉर्मला दोन रकाने. डावीकडे मानणाऱ्याने लिहायचं, काय दिसलं, काय ऐकलं. उजवीकडे न मानणाऱ्याने साधं कारण लिहायचं. कुत्रा, वारा, माणूस, जे असेल ते. साधं कारण नाहीच सापडलं तर उजवा रकाना कोरा सोडायचा आणि खाली सही करायची. ती सही झाली तरच ते खरं.

चार वर्षांत नकुलने त्रेसष्ट फॉर्म भरले. माझ्या सह्या किती असतील? एकही नाही. सोळा इंची पाऊल म्हणे — ओला रबरी वेलिंग्टन बूट, त्यावर कुत्र्याचा पंजा. बाई किंचाळल्यासारखा आवाज — भेकर. इथे इंग्लंडात मंटजॅक म्हणतात, आपल्याकडे कोकणात आहे तेच. केस — घोड्याचे. एकदा हरीण सापडलं, पोट फाडलेलं, आतडी ब्रॅकनच्या, म्हणजे रानटी नेच्याच्या, झुडपात दोन हात लांब ओढलेली, नकुलला घाम फुटला, म्हणाला काका, हे कोल्ह्याचं काम नाही. मी गुडघ्यावर बसलो, काडीने बरगड्या उचलून दाखवल्या, गाडीने उडवलंय बघ, मग कोल्ह्याने खाल्लंय. वासाने त्याला ओकारी आली. मला काही नाही. मला खरं कळलं की बरं वाटतं, त्याला वास असला तरी.

मग जात कशाला होतात — हे विचारणारच तुम्ही, सगळे विचारतात. ताई, न मानणारा म्हणजे काही न बघणारा नव्हे. मानणाऱ्याला आधीच सगळं दिसलेलं असतं, तो नुसता फिरायला येतो. बघत असतो तो न मानणारा. दर रविवारी मी त्या ऑल्डरकोटच्या रानात उभा राहायचो आणि मनात म्हणायचो, असशील तर ये. ढळढळीत समोर ये, मी सही करतो. मला सही करायचीच होती हो. कुणालाही करायची असते. पण वडिलांनी सवय लावली ना. सांगलीत स्टेजवर बुवांचे चमत्कार उघडे पाडायचे, हवेतून अंगारा कसा काढतात ते करून दाखवायचे. मोठा माणूस. सातवीत मी परीक्षेला जाताना मारुतीपुढे हात जोडले, त्यांनी पाहिलं, तिथेच कानाखाली अशी वाजवली की कानातून रक्त आलं. या कानाने अजून कमी ऐकू येतं मला. पुन्हा जोडले नाहीत. मनीषाच्या वेळीही नाही.

मनीषा म्हणजे माझी बायको. नकुलने सांगितलं असेल. हो, तीच, फोटोतली. शेवटच्या आठवड्यात मला म्हणाली, मी गेल्यावर तुला कळवीन हं, तीनदा टकटक करीन, म्हणजे समज मी नीट पोचले. गंमतीत म्हणाली असेल. पण नुसतं हो म्हणायचं ना माणसाने? काय गेलं असतं माझं? मी म्हणालो, मनू, असं काही नसतं. मरणाऱ्या बाईला. तिने भिंतीकडे तोंड केलं. मग दोन दिवस होती, पण भिंतीकडेच तोंड करून. हे मी जगात फक्त एका माणसाला सांगितलंय, त्या कार पार्कमध्ये, गाडीत बसून, फ्लास्कमधला चहा पीत. नकुलला. तो काच खाली करून बाहेर बघत बसला. चांगला आहे हो तुमचा भाऊ. फार चांगला आहे.

तर त्या रविवारी — काय लिहिलंय त्याने? वाचू नका, मी सांगतो. दुपारचे अडीच, हवा कोरडी, मोठी आकृती मागून आली, लाकडाने मारून गेली, चेहरा दिसला नाही. हेच ना? बघा. आणि डॉक्टर तुम्हाला काय म्हणाले? पडल्याचं वाटत नाही. म्हणणारच. पडलेल्या माणसाला एका बाजूला एवढं लागत नाही. गळ्याखालची हासळी मोडलीय ती वरून मोडलीय. जबडा आडव्या फटक्याने, तो कडाडतो, सुकी फांदी पायाखाली येते तसा, आणि मग माणूस ओरडत नाही, नुसतं घशातून काहीतरी येत राहतं. खाली बसतो. बसल्यावर खांद्यावर. मग पाठीवर.

नाही, मी तिथे होतो म्हणून सांगतोय. जोडीने जातो ना आम्ही, तिथेच होतो.

थांबा. नीट सांगतो. आम्ही पांगलो होतो, शंभरएक पावलं, त्याला अलीकडचा ओढा बघायचा होता. मी बर्चच्या झाडांत उभा. वारा नव्हता. आणि टक. टक. टक. लाकडावर लाकूड. तीनदा. तुम्हाला वाटेल मी लगेच म्हटलं असेल, सुतारपक्षी. सुतारपक्षी असा ठोकत नाही हे मला माहीत होतं, फांदी पडली तर एकदाच आवाज होतो हेही माहीत होतं, मोटरवे नाही, शिकारी नाही, नकुल तिकडे ओढ्यावर आणि आवाज दुसऱ्याच बाजूने, मी एकेक कारण काढत गेलो आणि एकेक संपत गेलं. पुन्हा तीनदा. ताई, मी चिखलात गुडघे टेकले. आणि हे हात — हे बघा, असे — जोडले गेले. मी जोडले नाहीत, जोडले गेले. आणि तोंडातून काय निघालं, तर मनू. मोठ्यांदा. मनू, पोचलीस का. पाच मिनिटं मी तसाच रडत होतो. एकोणसाठ वर्षांत तेवढी पाचच मिनिटं मी काही मानलं. सुख होतं हो. खोटं कशाला बोलू, असं सुख मला कधी झालं नव्हतं.

आणि झाडामागून हा बाहेर आला. हातात त्याची जुनी क्रिकेटची बॅट. झाडावर ठोकायला नेहमी आणायचा, ठोकलं की तो प्राणी उत्तर देतो म्हणे, ग्रुपमध्ये सगळेच ठोकतात. आला, दात दिसत होते त्याचे, आणि म्हणाला —

“काका, आलं ना उत्तर?”

बस. एवढंच. मी उठलो, बॅट त्याच्या हातातून घेतली. त्याने दिलीसुद्धा, ताई, त्याला वाटलं मला बघायची असेल. पहिला फटका त्या बोटांवर बसला. दुसरा जबड्यावर. मग मी मोजलं नाही. मोजलं, खोटं बोलत नाही, पाच झाले. चौथ्याला मुठीवरचं रबर निसटून हातात आलं म्हणून मी बॅट उलटी धरली. तो झुडपात सरपटत होता, मी त्याच्या घोट्यावर पाय देऊन उभा राहिलो म्हणजे सरकायला नको. काय बोलत होतो मला आठवत नाही, वडिलांच्या तोंडच्या शिव्या होत्या एवढं आठवतं. तेवढ्यात खालच्या वाटेने एक म्हातारी कुत्रं घेऊन चालली होती, तिला मी कमरेपासून वरचाच दिसत असणार. म्हणाली, लव्हली आफ्टरनून. मीही म्हटलं, लव्हली. ती गेली. आणि तेव्हा मला माझाच आवाज ऐकू आला, किती साधा, रोजचा आवाज होता तो, आणि मग हातातून बॅट पडली.

बॅट गॅरेजमध्ये आहे. धुतलेली नाही.

बसा. बसा म्हणतोय ना, दार उघडंच आहे, मी काही तुम्हाला अडवत नाही. आठ दिवस मी स्वतःला सांगतोय, तो हसत होता. माझी थट्टा केली त्याने, चार वर्षांचे त्रेसष्ट फॉर्म माझ्यावर उलटवले, मेलेल्या बायकोच्या नावाने उलटवले, मग कुणीही मारलंच असतं. बरोबर आहे ना? पण मी टेस्टिंगवाला. मी तो क्षण पुन्हा पुन्हा काढून बघतो. दात दिसत होते, हे खरं. पण गाल ओले होते. रडणाऱ्या माणसाचेही दात दिसतात, ताई. आणि थट्टा करायची असती तर त्याने फोन काढला असता, सगळं टिपलं असतं, ग्रुपवर टाकलं असतं. फोन त्याच्या खिशातच होता, मीच काढला नंतर, अँब्युलन्सला लावायला, आणि लावला नाही. तिथे रेंज होती. सांगताना मी रेंज नव्हती म्हणतो. रेंज होती.

काय? त्याने असं लिहून दाखवलं तुम्हाला? पुन्हा सांगा.

“काकांना वाटावं ती पोचली.”

हं.

मग हे असं आहे तर. तो बिगफूट मानतो, मनीषाचं काही मानत नव्हता. मला म्हणालाच होता एकदा, मेलेली माणसं येत नाहीत काका, जनावरं येतात. स्वतः न मानता माझ्यासाठी ठोकत उभा राहिला थंडीत. आणि आता हा फॉर्म. मला वाचवतोय. उजवा रकाना कोरा सोडा, सही करा, म्हणजे रानात काहीतरी होतं, त्यानेच मारलं, पोलीस हसतील आणि फाइल बंद होईल. मी सुटतो आणि त्याला चौसष्टावा फॉर्म सही होऊन मिळतो. तुम्ही आलात तेव्हा, खरं सांगू, मी करणार होतो. पेन उघडून ठेवलं होतं, ते बघा. म्हटलं, या बाईला दोन गोष्टी सांगू, चहा पाजू आणि सही करू. तोंड आवरलं असतं तर झालंच होतं काम.

द्या इकडे. नाही, द्या. नकुलने चार वर्षं माझ्याकडून एकच गोष्ट ऐकलीय, की खोट्यावर सही नाही. आता माझ्याच कातडीसाठी केली तर तो त्रेसष्ट वेळा हरला तो कशासाठी हरला? हे बघा, लिहितो. साधं कारण. न मानणारा जयंत याने बॅटने पाच वेळा मारलं. तारीख. वेळ अडीच नाही, दोन चाळीस. आकृती मोठी नव्हती. समोरून मारलं, मागून नाही, त्याने चेहरा पाहिलाय. सही. घ्या. आधी पोलिसांना दाखवा, मग त्याला. त्याला आधी दाखवलात तर तो फाडून टाकेल.

आता रडू नका. चहा तसाच राहिला, राहू दे. “तो तुमच्यावर रागावला नाहीये” — हे काय बोलताय? नका सांगू मला. हात नका ठेवू खांद्यावर. आसावरीताई, हात काढा. मी त्याच्या घोट्यावर पाय देऊन उभा होतो, समजतंय का तुम्हाला, आणि तुम्ही मला कसली माफी देताय, कोणी सांगितलं तुम्हाला द्यायला? तो कागद उचला. कोट घ्या. मी या खुर्चीतून उठायच्या आत घराबाहेर पडा.