तुम्ही बसा, आत्या

मंडळी, आजच्या कीर्तनातली गोष्ट सांगण्याआधी त्या घरात काय काय होतं ते मोजून घेऊ. सकाळचे सात वाजलेत. माणसं तीन. चुलीवर हरभऱ्याची डाळ, चौदा पोळ्यांचं पुरण होईल एवढी. ओसरीवर एक लहान गोधडी, तिच्या अठ्ठावीस फेऱ्या, पैकी सव्वीस शिवून झालेल्या. सुया तीन, त्यांतली ओवलेली एक. आणि दाराआडच्या खुंटीवर एक पिशवी.

पिशवी लक्षात ठेवा!

आता प्रश्न. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आपण म्हणतो, "तुम्ही बसा, मी करते." हे पुण्य की पाप? समोरच्या सूनबाई म्हणतायत, पुण्य. मागच्या आजीबाई काहीच बोलत नाहीत. बघा!

आंबेदऱ्याच्या भानुदासच्या घरची गोष्ट. भानुदासची बायको शैला. मोठी मायाळू बाई. आणि भानुदासची आत्या हौसाबाई. तरुणपणीच नवरा गेला, माहेरी आली, त्याला आता चाळीस वर्षं झाली. तेव्हापासून या घरात जन्मलेलं प्रत्येक मूल हौसाआत्याच्या गोधडीत निजलं. पण गेली दोन वर्षं डोळ्यांना धुरकट दिसतं. सुईचं नेढं काही दिसत नाही.

मग काय! आत्या उठल्या, की शैला म्हणते, "तुम्ही बसा, आत्या." ताकाची रवी धरली – तुम्ही बसा. लसूण सोलायला घेतला – तुम्ही बसा. मी विचारलं शैलाला, दिवसातून किती वेळा? तिनं हिशेब करून सांगितलं, दहा-बारा वेळा तरी. मायेनं हं! तोंडात साखर घेऊन!

आणि आत्यांनी काय केलं? कुणाला न सांगता पिशवी भरली. दोन लुगडी, मिश्रीची डबी, काम न करणारा चष्मा. त्या दिवशी भानुदासची थोरली बहीण इंदू येणार होती, नातवासाठी गोधडी न्यायला. तीनच्या एस.टी.नं परत जायची. आत्यांनी ठरवलं, आपणही तिच्याबरोबर जायचं. कायमचं.

इंदू दहाला आली. आल्याबरोबर आत्यांनी तिच्या कानात सांगितलं, शैलाला तीन वाजेपर्यंत कळू द्यायचं नाही म्हणून बजावलं. इंदूनं मान डोलावली. ती ओसरीवर बसली, गोधडीचा काठ ताणून धरला, शैलानं उरलेल्या दोन फेऱ्या घातल्या. गप्पा सुरू झाल्या. इंदूच्या सुनेनं बाळाला तिसऱ्या दिवशी टोपडं घातलं की चौथ्या, यावरच अर्धा तास! बोलण्याच्या नादात फेऱ्यांच्या आत उरलेला मधला चौकोनही शिवून झाला. शैलानं गाठ मारली, आत ओढून लपवली, आणि पोळ्या करायला उठली.

पहिली पोळी तव्यावरून उतरली आणि शैलाच्या हातातलं उलथनं थांबलं.

का? त्यांच्याकडची रीत सांगतो. गोधडी म्हणजे लेकुरवाळी. तिचं पोट रिकामं ठेवायचं नाही. हा मधला चौकोन शिवण्याआधी त्यात पुरणपोळीचा नखाएवढा तुकडा ठेवायचा. मुंग्या लागत नाहीत का? मीही विचारलं! कडक भाजून घेतात, पापडासारखा.

आणि ही गोधडी उपाशीच शिवली गेली होती.

इंदू म्हणाली, जाऊ दे, कुणाला कळतंय. पण म्हणताना तिचा चेहरा उतरलेला. तान्ह्या बाळाच्या अंगावर उपाशी गोधडी घालायची, हे दोघींनाही गिळवेना. उसवावी, तर गाठ सापडली पाहिजे. मधेच दोरा कापला, तर दोन्हीकडून सुटत जाणार. मधलं कापड निळ्यावर पांढऱ्या ठिपक्यांचं, दोरा पांढरा, टाका ठिपक्याएवढा. टाका कुठला आणि ठिपका कुठला? दोघींनी गोधडी अंगणात नेली. भानुदास मोबाईलची बॅटरी लावून आला. भर उन्हात! मृदंगवाले बुवा हसतायत, पण तुम्हीही तेच केलं असतं.

दीड वाजला. खाटेवरून आत्या म्हणाल्या, "आण ती इकडं."

शैलाच्या तोंडून सवयीनं निघालं, "तुम्ही ब—" आणि ती थांबली. गोधडी आत्यांच्या मांडीवर ठेवली.

आत्यांनी डोळे मिटले. काठापासून बोटं आत सरकत निघाली. एक फेरी, दोन फेऱ्या. ओठ हलतायत, मोजतायत. अठ्ठावीस झाल्या. बोट मधल्या चौकोनाच्या डाव्या कडेला थांबलं.

"ही बघ. शैलीची गाठ डावीकडंच असते. सहा वर्षं सांगते, उजवीकडं लपव. ऐकते का?"

सुईच्या टोकानं गाठ वर काढली, चार बोटं उसवलं. शैलानं पोळीचा तुकडा भाजून आणला. आत्यांनी तो आत सरकवला आणि हात पुढे केला.

"दोरा ओवून दे."

शैलानं दुसरी सुई ओवून दिली. आत्या डाव्या अंगठ्याचं नख टाक्याला टेकवत, नखाच्या मापानं पुढचा टाका घालत गेल्या. डोळे मिटलेलेच. चौकोन बंद झाला. गाठ उजवीकडे.

जेवणं झाली. पावणेतीनला इंदूनं चपला घातल्या आणि चाचरत विचारलं, "आत्या, तुमची पिशवी घेऊ?"

शैलानं विचारलं, "कसली पिशवी?"

इंदू आत्यांकडं बघू लागली. शेवटी आत्याच म्हणाल्या, "जाते बाई इंदूकडं. तू वाईट नाहीस. पण बसून बसून माणूस फडताळातल्या भांड्यासारखं होतं. आहे, एवढंच."

शैला पुढं झाली. म्हणाली, "आत्या, मला उजवीकडं गाठ लपवायला कोण शिकवणार?"

"सहा वर्षांत शिकली नाहीस."

"म्हणून तर विचारते."

आत्या उठल्या. मग चाचपडत दाराआड गेल्या, खुंटीवरची पिशवी काढली, तिच्यातून एक लुगडं उपसलं आणि शैलाच्या अंगावर टाकलं.

"हे फाड पुढच्या गोधडीला. आणि इंदे, तू नीघ. गाडी चुकेल."

तर मंडळी, माया कमी पडली होती का? नाही. माया उतू जात होती, पण तिनं हातातलं काम काढून घेतलं होतं. देवाचंच बघा. आपण त्याला पाटावर बसवतो आणि दिवा विझायच्या आत कामं सांगतो – पावसाचं बघ, पोराच्या नोकरीचं बघ. देवाला कधी म्हटलंय का, "तुम्ही बसा, आम्ही करतो"? नाही ना! मग जिनं आपल्याला न्हाऊमाखू घातलं, तिलाच का रिकामं बसवता? आज घरी गेलात की लसणाची एक गड्डी तिच्या पुढ्यात ठेवा. सोलायला वेळ लागेल. लागू दे.

मी परवा आंबेदऱ्याला गेलो होतो. ओसरीवर नवी गोधडी पसरलेली होती. अकरा फेऱ्या झालेल्या. सुया तीन. ओवलेल्या दोन.