लांडगीण जिथं वळली

ऐका, आणि मधे हसायचं नाही. हसणारे तेव्हाही होते. माझं एकानंही खरं मानलं नाही, नवऱ्यानंसुद्धा नाही.

आपल्या माळावर लांडगे पाचाचे चौदा झाले होते. मोजले कुणी? मी, चौथी शिकलेल्या लकानं. पायवाटेवर माती चाळून पसरायची, सकाळी ठसे वाचायचे. फॉरेस्टचा साहेब माझ्या वहीतला आकडा उतरून न्यायचा.

त्या साली सहा कोकरं गेली. गाव म्हणालं, लांडगे माजले, उद्या उजाडताच बिळात धूर घालू, पिल्लं मारू. मी म्हटलं, लांडग्यानं नेलं तर ठसा राहतो, लोकर राहते. इथं काहीच नाही. मेसू पाटील म्हणाला, "लकाक्का, लांडगे तुझे भाचे लागतात काय?"

म्हटलं, दाखवतेच. अंधार पडल्यावर कंदील घेऊन एकटी निघाले.

माळाकडच्या पांदीत, दोन्ही अंगांनी झाडी असलेल्या अरुंद वाटेत, शिरले तर कोकराचा आवाज. मी पुढं, आवाज आणखी पुढं. कंदील खाली धरला. कोकरू ओरडतंय आणि मातीत खुराचा ठसा नाही, बघा. मग हाळी आली, थेट माझ्या सासऱ्याच्या गळ्यातली. सासरा मरून नऊ वर्षं झालेली. माझे पाय आपोआप चालायला लागले. मग समोर आमचाच मेंढरांचा वाडा. जाळ पेटलेला, नवरा घोंगडी पांघरून उभा.

"ये लके, भाकरी निवली."

वीस वर्षांत त्यानं मला भाकरीला कधी हाक मारली नव्हती. तिथंच कळायला हवं होतं. पण गेले मी. दहा पावलं उरली असतील.

सवयीनं खाली बघितलं. लांडगिणीचा ताजा ठसा. सरळ आलेली, आणि तिथनं एकदम डावीकडं वळलेली. पुढं एक पाऊल नाही. म्हटलं, जिथं ती वळली तिथनं लका पुढं जाणार नाही. बसले खाली.

"ये की," तो म्हणाला. "ये की गं." जाळ सरकत माझ्या पदरापर्यंत आला. मी ठशावर हात दाबून बसले, उजाडेपर्यंत.

उजाडलं. वाडा नाही, नवरा नाही. हातभर पुढं बिनकठड्याची विहीर, आणि तळाला सहाच्या सहा कोकरं.

गाव धुराची लाकडं घेऊन निघालेलं, ते तसंच तिथं आणलं. मेसू पाटलानं विहिरीत डोकावलं आणि फेटा काढला. पिल्लं वाचली. आज माळावर एकवीस आहेत, वही उघडून बघा.

त्या पांदीनं जायचं नाही. उन्हातसुद्धा नाही. माझ्या सासूच्या काळात एकानं मेल्या मेंढीत विष भरून माळावरचे लांडगे एका रात्रीत संपवले, आणि पंधराव्या दिवशी स्वतः त्या विहिरीत गेला. मेला तरी खोड जात नाही. अजून लांडग्यांवर आळ घालतो. म्हणून सांगते, त्या बाजूला कोकरू नाहीसं झालं तर लांडग्याचं नाव घेऊ नका. नाव घ्या धुळा कारंड्याचं.