रुखवताची कुरडई कोन नेणार

मी चारठाण्याची. माहेर बी हितलंच, सासर बी हितलंच, मधी दोन गल्ल्या. नवरा लवकर गेला, पदरात दोन पोरी, मग आईच्या हातची कुरडई गाजलेली व्हती, तीच धरली. गहू तीन दिस भिजवायचा, चीक काढायचा, शिजवायचा, आन सोऱ्यानं बाजंवर घालायची. लग्नाच्या रुखवतात मांडायची कुरडई ताटायेवढी लागती, आन अख्खीच लागती. मोडकी मांडली की बाया कुजबुजत्यात, पोरीचा संसार मोडंल मनत्यात. तवा काय सांगू तुमाला, करणं आवघड न्हवतं, पोचवणं आवघड व्हतं.

एस्टीच्या टपावर टाकून बगितलं, सेलूत गेला तो सगळा चुरा. मग पुतन्या मनला, काकू मही जीप हाय की, जिम्मा माहा. जीपीत मानसं कोंबलेली, एक बाई टोपल्यावरच बसली. मग म्या परीक्षाच घेतली. सायकलीवर ओझी नेणारा सखाराम व्हता, वेशीबाहेरच्या वस्तीतला, जयभीमवाला. त्याला धा कुरडया दिल्या, मनलं देवगाव फाट्याला नेऊन परत आन, आन मी मागनं बैलगाडीत बसून बगत गेले. त्यानं टोपल्यात गव्हाचं भुसकट घातलेलं, वर धुतलेली गोधडी, खड्डा आला की उतरायचा आन सायकल हातानं धरून चालायचा, लेकरू नेल्यावानी. धाच्या धा अख्ख्या. मी मनलं, हाच.

पन ते इद्यापीठाच्या नामांतराचे दिस, मानूस मानसाकडं बगंना झालता. त्याच्या हातचं खायाचं कोन घेईल, ह्या भ्यानं म्या अक्कल काढली. सखारामानं फाट्यापतूर आनायचं, तितून पुतन्यानं जीपीत घालून लग्नघरी न्यायचं, घरच्याच मानसानं आनलं आसं दिसावं मनून. गळ्यात लिंग, तोंडात शिव शिव, आन डोक्यात हे.

सेलूच्या एका लग्नात टोपलं उघडलं तर निम्म्या मोडलेल्या. फाट्यावर म्या सोता बगितल्या व्हत्या, अख्ख्या व्हत्या, जीपीतच मोडल्या. नवरीची आई रडायली, मनती बाई आता मी मांडू काय. गावात आले तर सखाराम दाराम्होरं लांबच हुबा, मनला आक्का, मह्या हातून तर न्हाई ना मोडल्या? मनलं न्हाई रे बाबा, मह्याच हातून मोडल्या. लय लाज वाटली तवा, आजबी वाटती.

मग सांगूनच टाकलं सगळ्याला, माल सखाराम आननार, सरळ दारात आननार, चालत आसंल त्यानं घ्यावा. दोन घरचं गिऱ्हाईक तुटलं. थोरले दीर मनले घराण्याचं नाक कापलंस. बाकीच्यांनी घेतला, मनानं घेतला का गरजंनं ते मी इचारलं न्हाई. त्यानं वरसानुवरसं नेल्या.

नामांतर झालं त्याच साली त्याच्या लेकीचं लगीन निघालं. मनलं रुखवत मह्याकडनं. तो मनला येतो न्यायला. मनलं न्हाई, आज मी आनते. टोपलं डोक्यावर घेतलं आन निघाले, त्या वस्तीत उभ्या जन्मात पाय ठुला न्हवता. त्याच्या उंबऱ्यालाच ठेच लागली बगा, आन सगळ्यात मोठी कुरडई मोडली. मी तितंच रडायले. सखाराम हसायला लागला, मनला आक्का, तुमाला काय ओझं नेता येत न्हाई. त्याच्या लेकीनं मला पानी दिलं, बसून पिले मी, आन तिनं ते दोन तुकडे उचलून रुखवतात मधोमध मांडले. बाया कुजबुजायल्या तर मनली, हे मह्या आक्कानं डोक्यावर आनलंय.

आता सखारामाला सायकल व्हत न्हाई, मला सोऱ्या दाबवत न्हाई. संध्याकाळी येतो, वसरीवर बसतो, चहा पितो, घरातल्याच कपात. लेक त्याची परभनीला नांदायली, दोन लेकरं हायत, गुणाचा नवरा हाय. मोडकी मांडली तरी पोरीचं काय बी मोडलं न्हाई. रोज लिंगपूजेला बसले की आदी तिचं नाव घेते, मग मह्या पोरींचं.