बाहीचं बटण

स्कॅनच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी एक म्हातारे टेलर मास्तर आणि त्यांची बायको बसली होती. मास्तरांचा लुळा पडलेला उजवा हात मांडीवर घेऊन ती त्याच बाहीचं तुटलेलं बटण लावत होती.

“आत एवढा वेळ काय केलंत?”

“सिनेमा पाहिला. नुसते हात. एक बाई कापड कापत होती. कात्री धरली होती, जशी उंदराची शेपटी.”

“मग? बोललात?”

“हलायचं नाही, बोलायचं नाही म्हणाले. दात आवळून पडलो.”

“चाळीस वर्षांत पहिल्यांदा!”

“डॉक्टरीणबाई म्हणते, मास्तर, तुमच्या मेंदूतली हाताची जागा लख्ख उजळली होती. दुसऱ्याचा हात काम करताना दिसला, की आपला मेंदू आतल्या आत तेच करून बघतो म्हणे.”

“म्हणजे मी भांडी घासताना तुम्ही खुर्चीतून बघता, तेव्हा अर्धी तुम्हीच घासता?”

“निदान स्वच्छ घासतो.”

“तीन महिने हात हलत नाही, आणि ऐट बघा!”

“दोरा केवढा घेतलास! गुंता होईल. अगं, त्या भोकातून नाही, पलीकडच्या! ही गाठ आहे की गोटी?”

“गप्प बसा.”

“गप्प काय? गिऱ्हाइकानं शर्ट तोंडावर मारला असता...”

“अहो, गप्प बसा म्हणते ना! तुमचं बोट हललं.”

“कुठलं?”

“अंगठ्याशेजारचं. आत्ता, माझ्या मांडीवर.”

आतून माझा नंबर दोनदा पुकारला. मी उठलो नाही.

“मग बघत काय बसलीस? उसव ते. आणि परत चुकव.”